मंगळवारचे थेंब

सातारा, ३०/१०/२०२५

ती. राहीआत्यास,
शिवांजलीचा सा. न. वि. वि.

जयराजदादाचा फोन आला. एकवीसच्या आत हवा तो तुझ्या डोळ्यांचा दाब पुन्हा अठ्ठावीस निघाल्याचं कळलं, तेव्हापासून घास गोड लागत नाही. काचबिंदूचे थेंब चालू असताना दाब चढतोच कसा? पितृपक्षात उघडलेली बाटली अजून पुरतेय म्हणून दादा कौतुक करत होता. अगं, महिन्याची बाटली ती! इथल्या दवाखान्यात मी रोज वीस जणांना थेंब घालायला शिकवते, आणि माझीच आत्या चुकते. फोनवर तुला ऐकू येत नाही, लेकासमोर तू बोलायची नाहीस, म्हणून लिहिते. दुखत नाही म्हणून माझ्या आप्पांनी थेंब सोडले होते. आज त्यांच्या एका डोळ्यात अंधार आहे, दुसऱ्यात चिमूटभर उजेड. तुझं तसं व्हायला नको.

खरं लिहिलंस तर रागावणार नाही. माया असू दे.
तुझी भाची, शिवांजली

सांगली, ५/११/२०२५

चि. शिवांजलीस राहीआत्याचे पोटभर आशीर्वाद.

दवाखान्यात लागल्यापासून तू फौजदारासारखी विचारायला लागलीस. समोरचं मला लख्ख दिसतं, अजून सुईत दोरा ओवते. पण खोटं किती लिहू? गेल्या आठवड्यात हळदीच्या पेठेत डावीकडून मोटारसायकल आली, ती मला दिसलीच नाही. जयराजने दंड धरून ओढलं म्हणून वाचले.

मंगळवारी आणि शुक्रवारी मी थेंब घालत नाही. आप्पा माझा पाठचा भाऊ. त्याची नजर जायला लागली तेव्हा उरलेल्या डोळ्यासाठी मी आंबाबाईला निरंकार उपास बोलले. दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत पाणीसुद्धा नाही. आणि हे औषध डोळ्यात घातलं की कडूजहर घशात उतरतं. घशाखाली गेलं की उपास मोडला. चार वर्षं झाली गं. जयराजला कळलं तर उपासच बंद करील, म्हणून मी गप्प राहिले.

आत्याला वेडी म्हण, पण टाकू नकोस.
राहीआत्या

सातारा, ८/११/२०२५

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

उपास सोड म्हणत नाही. आंबाबाईशी भांडणारी मी कोण? एवढंच कर. हात धुऊन आडवी हो. खालची पापणी ओढून आत जी खाच होते तिच्यात एकच थेंब सोड. डोळा मीट आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून सावकाश शंभर मोज. औषध तिथूनच घशात जातं. वाट दाबलीस की डोळ्यातच राहतं. मंगळवारीही घाल, शुक्रवारीही. काचबिंदूत कडेची नजर आधी जाते आणि गेलेली नजर परत येत नाही, हे मी रोज परक्यांना सांगते. तुला लिहिताना लय भ्यायले.

उलट टपाली दोन ओळी तरी लिही, जीव टांगणीला आहे.
शिवांजली

सांगली, १९/११/२०२५

चि. शिवांजलीस अनेक आशीर्वाद.

काल मंगळवार. आडवी होऊन थेंब घातला, कोपरा दाबला, शंभर मोजले. घशाला कडू लागलं नाही. उपास राहिला, औषधही पडलं. मग मला उठवेना. इतकं सोपं होतं, आणि मी चार वर्षं घालवली. आता दाब उतरेल, पण डावीकडचं परत कुठून आणू? उजवीकडचं तरी राहील का? मला भीती वाटते, शिवा. अंगणात उतरायचीसुद्धा भीती वाटते. शनिवारी पुन्हा दाब मोजायचा आहे. थेंब एक दिवस चुकवणार नाही, आईची शपथ.

आप्पाला मात्र यातलं अक्षरही सांगू नकोस. बहिणीच्या उपासाने उजेड राहिला, असं तो आल्यागेल्याला सांगतो. त्या उपासापायी माझी नजर गेली हे कळलं, तर आपल्यामुळेच झालं म्हणून तो स्वतःवर राग काढील, आणि उरलेल्या डोळ्यात थेंब घालायला तो कुणाचं ऐकायचा नाही.

तुझ्या मायेवरच आहे.
राहीआत्या