आठवी वही

४ मार्च

प्रिय मामा,

नमस्कार. आधी 'तीर्थस्वरूप' लिहिलं होतं, मग खोडलं. तुम्ही म्हणाला असता, मॅडमना आज झालंय तरी काय. मामींची तब्येत कशी आहे? चष्मा बदललात, की अजून तोच, दोरा बांधलेला?

तुम्ही कॉलेजातून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली आणि मी साधा फोनही केला नाही. परवा करायला घेतला होता, पण तुमचा आवाज आल्यावर काय बोलायचं ते सुचेना. म्हणून हा कागद.

बातमी चांगली आहे. मला वर्षभराची अभ्यासरजा मिळाली. परदेशातल्या एका विद्यापीठाने बोलावलंय, तेही आपल्या विहिरीमुळे. प्रयोगशाळेमागच्या त्या विहिरीत रोज सकाळी आठला खडू फासलेली टेप सोडून तुम्ही बारा वर्षं पाण्याची पातळी मोजलीत. एवढी सलग नोंद त्यांच्याकडेही नाही म्हणे. "पेशंटची नाडी बघून येतो," म्हणत तुम्ही निघायचात ना, त्या पेशंटला आता परदेशचं बोलावणं आलंय. त्यावर संशोधन करायचं, शिवाय तिथल्या मुलांना एक विषय शिकवायचा: मोजलेल्या आकड्यांचा खरेपणा कसा तपासावा.

२८ तारखेला निघायचंय. माझे तास कोणी घ्यायचे यावरून विभागात रोज धुसफूस चालते. घरी आमचे हे कपडे धुण्याच्या यंत्राची बटणं वहीत उतरवून घेताहेत. बहिणीची मोठी बॅग आणलीय, तिचं एक चाक रुसलंय. एकूण तयारी चालू आहे म्हणायची.

आता काम सांगते. त्या लोकांना मी टाइप केलेले तक्ते नकोत, विहिरीवर लिहिलेल्या मूळ वह्या हव्यात, आणि त्या २५च्या आत. काळ्या पुठ्ठ्याच्या, वर्षाला एक, अशा बारा. त्या तुमच्याकडेच आहेत. तुमचे जावई कामाला इकडे येतात, त्यांच्या हाती पाठवाल का? नववी आणि दहावी तर हवीच हवी. आठवी नाही सापडली तरी चालेल. तिच्यासाठी माळा उपसत बसू नका.

प्राचार्यांच्या केबिनमधल्या त्या प्रकारानंतर आपलं नीट बोलणं झालंच नाही. जाऊ दे, जुन्या गोष्टी. मामींना नमस्कार.

आपली,
मॅडम


१३ मार्च

मामा,

काल तुमचे जावई गठ्ठा देऊन गेले. अकरा वह्या, प्रत्येकीवर क्रमांक, सुतळीची गाठ तुमचीच. आत चिठ्ठी: "मॅडम, आठवी सापडली नाही. तिकडे तसंच कळवा. सांभाळून जा."

सातवी आणि नववीच्या मध्ये तुम्ही पुठ्ठ्याचे तुकडे घातले होते, बरोबर एका वहीच्या जाडीचे, गठ्ठा सैल पडू नये म्हणून. मामा, खोटं बोलणं तुमचं काम नाही. जो माणूस हरवलेल्या वहीची जाडी बघून पुठ्ठे कापतो, त्याची वही हरवलेली नसते. मी काय म्हणतेय ते तुम्हाला पत्रातून बरोबर कळलं, आणि तुम्ही मला पुन्हा एकदा सोडवलंत.

ते पुठ्ठे हातात घेऊन मी बसून राहिले. ह्यांनी विचारलं, काय झालं. मी सगळं सांगितलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला काय सांगतेस? मामांना सांग."

तर सांगते. यातलं तुम्हाला सगळं माहीत आहे, फक्त माझ्या तोंडून ऐकलेलं नाही.

आठव्या वर्षी मामींचं ऑपरेशन दुसऱ्या गावी ठरलं. तुमची रजा संपलेली होती. मीच म्हणाले, "अर्जबिर्ज काही करू नका. हजेरीचं मी बघते, विहिरीचंही मी बघते." अकरा दिवसांचा प्रश्न होता. माझ्या खोलीपासून विहीर दोनशे पावलांवर. पहिल्या दिवशी विसरले. दुसऱ्या दिवशीही. तेव्हासुद्धा मी परदेशी जायच्या अर्जात बुडाले होते, जो पुढे नामंजूर झाला. तिसऱ्या दिवशी वाटलं, आता दोन दिवस गेलेच आहेत, आजचा एक घेऊन काय करू. मग गेलेच नाही. तुम्ही परत यायच्या आदल्या दिवशी खुर्चीत बसून संगणकावर अकरा आकडे भरून टाकले.

आणि खरे वाटावेत म्हणून मिलिमीटरपर्यंत भरले. बारा वर्षांत तुम्ही अर्ध्या सेंटिमीटरच्या खाली कधी उतरला नाहीत. "मॅडम, खडूवर ओलीची कड फुटलेली असते. दिसतं तेवढंच लिहायचं." हे मला तुम्ही शिकवलं होतंत. तरी खोटं लिहिताना मी तुमच्यापेक्षा बारीक लिहिलं.

त्यामुळेच पकडलं गेलं. चार वर्षांनी लेख तपासणाऱ्याने कळवलं, हजारो आकड्यांत हे अकराच इतके बारीक कसे, पातळी मोजणाऱ्याने घरी बसून भरलेले दिसतात. प्राचार्यांनी तुम्हाला बोलावलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "मी त्या दिवसांत नव्हतोच," म्हणाला असतात, तर विनारजा गैरहजेरी उघडी पडून नोकरीवरच आलं असतं. तुम्ही बोलू शकत नव्हता आणि मी बोलू शकत होते. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत मूग गिळून बसले.

विहिरीची किल्ली तुमच्याकडून काढून घेतली. पुढची सहा वर्षं तुम्ही मागच्या फाटकावर बसलात आणि मी रोज पुढच्या फाटकाने येत राहिले. त्या लेखाला तळटीप आहे: निरीक्षकाच्या हलगर्जीपणामुळे अकरा दिवस वगळले आहेत. ते वाक्य माझं आहे. एकदा वाचून मी त्यातला एक शब्द बदललासुद्धा होता, आधीचा पुरेसा कडक वाटला नाही म्हणून. मला स्वतःची शिसारी येते.

आठव्या वहीत त्या अकरा ओळी कोऱ्या असणार. दिसलं नाही ते तुम्ही लिहिणार नाही. म्हणजे नऊ वर्षं पुरावा तुमच्या घरात होता आणि तुम्ही तो कुणाला दाखवला नाहीत.

आज सकाळी त्या विद्यापीठाला सगळं लिहून पाठवलं. मग प्राचार्यांकडे गेले. हे नवे आहेत, तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. म्हणाले, "बाई, मामा निवृत्त झाले, तुम्ही पंधरा दिवसांत निघणार. आता हे कशाला उकरून काढता?" मी म्हटलं, लिहून आणलंय, घ्या. त्यांनी वाचलं. म्हणाले, रजा स्थगित करावी लागेल, पुढे चौकशी. "आणि मामांना वाचवायला तुम्ही हे रचलं नाहीत कशावरून? पुरावा काय?" मी म्हटलं, वही आहे.

तुम्हाला विनारजा सोडणारी आणि हजेरीवर हजर दाखवणारी मीच, हेही त्यात लिहिलंय. तुमच्या पेन्शनला त्याचा त्रास होऊ नये, असं मला वाटतं, खात्री नाही. हे तुम्हाला विचारून करायला हवं होतं. पुन्हा एकदा तुमच्या वतीने मीच ठरवून मोकळी झाले. भीती याचीच वाटते, रजेची आता तेवढी वाटत नाही. खोटं कशाला बोलू, वाटते. बॅग अजून कॉटवर उघडी आहे आणि तिच्यातले कपडे काढायला माझा हात होत नाही.

रविवारी सकाळी मी येते. वही काढून ठेवा. द्यायची नसेल तर देऊ नका, तीच तर एवढी वर्षं तुमच्या बाजूने होती. फक्त त्या अकरा ओळी मला तुमच्यासमोर बघायच्या आहेत. दार उघडायचं की नाही, तेही तुम्हीच ठरवा. मी आठला येईन, ठोक आठला, जसं तेव्हा अकरा दिवस विहिरीवर जायला हवं होतं.

मामींना सांगा, ऑपरेशनच्या वेळी तुम्ही त्यांच्याजवळ होता, ते बरोबरच केलंत.

तुमच्यावरचा ठपका जिच्या नावावर असायला हवा होता,
ती