आईच्या कोयत्याचा आवाज

खर्डा, १२ ऑक्टोबर

प्रिय अजिनाथ,

'प्रिय' लिहिलंय ते सवयीने. खरं तर कागद हातात घेतल्यापासून दातओठ खातेय.

परवा नगरच्या कॉलेजात तुझा नवा व्हिडिओ गेम मोठ्या पडद्यावर पाहिला. शेजारी तुझी आई होती, आपल्या मनकर्णाकाकू. खेळ ऊस तोडणाऱ्या आईचा, म्हणून कौतुकाने नवी साडी नेसून आलेली. तुझ्या त्या महागड्या कॉम्प्युटरवर तू ऊस काय उभा केलायस! पानापानावर दव, वर ढग पळतायत. टाळ्याही पडल्या. मनकर्णाकाकू मात्र माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "सुकन्ये, ह्यात मी कुठं हाय गं?" काय सांगू त्यांना?

आपण पहिला खेळ केला तो जुना लॅपटॉप आठवतो? पडद्यावर वीस ऊस काढले की बंद पडायचा. तू रडकुंडीला आलास, तेव्हा मी म्हटलं, ऊस दाखवायचाच नाही. सगळा पडदा नुसता हिरवा, आणि उसात हरवलेल्या पोराने आई शोधायची ती कानाने. लहानपणी दहा कोयत्यांतून तू आईचा कोयता ओळखायचास, अगदी तसंच. त्यासाठी उसाच्या फडात जाऊन आपण काकूंचा आवाज टिपला. बुडाशी एक घाव, मग पाचट ओढल्याची सळसळ, मग शेंड्याला एक घाव, मधेच बांगड्या. मशीन दुबळं होतं म्हणून सुचलं ते सगळं, गाढवा!

आणि आता? आई लांबूनच लख्ख दिसते, मग शोधायचं काय? कोयत्याच्या जागी कुठूनतरी उचललेला लाकूड फोडल्याचा आवाज. ठक, ठक, ठक. ऊस असा तोडतात? तू तर ऊसतोडीच्या कोपीत, त्या पाचटाच्या झोपडीत वाढलास ना रे? मला भयंकर संताप आला आणि तो अजून गेलेला नाही.

पुढच्या आठवड्यात ऊसतोडीला टोळी निघेल, काकूही जातील. गावात मागे राहणाऱ्या पोरांच्या मोबाईलवर मी आपला जुना खेळ घालतेय. साध्यातल्या साध्या फोनवर चालतो तो. सुरुवातीला खेळ बनवणाऱ्यांची नावं येतात, त्यात पहिलं काकूंचं, मग माझं. तुझं घालायचं की नाही, एवढ्यासाठी हे पत्र आणि सोबत त्या खेळाचा पेनड्राइव्ह. मी काकूंनाच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "आदी त्याला ह्यो खेळाया लाव. मी सापडले, तर घाल त्याचं नाव."

तुझीच, पण रागावलेली,
सुकन्या