नाकासमोरची गॅसलाइन

३ फेब्रुवारी
मागच्या अंगणातला ओटा बांधून झाला. शेगडीही बसली, तीन बर्नरची. आता फक्त गॅस. स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीवरच्या मीटरपासून ओट्यापर्यंत अकरा मीटर लाइन टाकायची. पंचवीसला मुलगी आणि जावई येताहेत. तोवर बाहेरचा स्वयंपाक सुरू. बावीस दिवस. भरपूर.
शेजारच्या इंजिनिअरकडे अस्साच ओटा आहे, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

५ फेब्रुवारी
लायसन्सवाला फिटर येऊन गेला. कमी बोलणारा माणूस. त्याची यादी: कंपनीची परवानगी, पाइपच्या साइजचा हिशोब, गुडघाभर चर, प्रेशर टेस्ट, इन्स्पेक्टर. चार आठवडे. मी म्हटलं, एवढं कशाला, पाइप म्हणजे पाइप. तो म्हणाला, पाणी गळलं तर फरशी ओली होते साहेब, गॅस गळला तर दिसत नाही. मी म्हटलं, दिसत नाही, पण वास येतो. त्यावर तो म्हणाला, वासावर जाऊ नका, जॉइंट साबणाच्या पाण्याने तपासतात.
फॉर्म ठेवून गेला. चार पानी. ड्रॉवरमध्ये ठेवलाय. सवडीने.

६ फेब्रुवारी
लाइन स्वतः टाकायचं ठरवलं. तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या ड्रॉइंग सेक्शनमध्ये काढली. अर्ध्या शहराच्या पाइपलाइनी माझ्या हाताखालून गेल्यात. कागदावर, पण गेल्यात.
ग्राफ पेपरवर तीन रंगांत नकाशा काढला. हिला दाखवला. हिने विचारलं, यात इन्स्पेक्टर कुठल्या रंगाचा आहे?
नकाशा गुंडाळून ठेवला.

९ फेब्रुवारी
चर खोदायला घेतली. सासरेबुवा मागच्या पायरीवर बसून बघत होते. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे सल्ले द्यायला मोकळे. घोट्यापर्यंत खोदल्यावर खडक लागला. फिटर गुडघाभर म्हणाला होता. अशी माणसं थोडं वाढवूनच सांगतात.
कंबर धरली.

१२ फेब्रुवारी
दूध करपलं. मी स्वयंपाकघरातच पेपर वाचत होतो. ही बाथरूममधून केसांना टॉवेल गुंडाळून धावत आली. म्हणाली, मला तिथे वास आला, तुम्हाला इथे बसून आला नाही? मी म्हटलं, मी अग्रलेखात होतो.
मागे तो ताप येऊन गेला, तेव्हापासून नाक जरा चोंदतं. हवा बदलली की सुटेल.

१५ फेब्रुवारी
पाइप, जॉइंट, टेप सगळं आणलं. हिने पाइपला हातसुद्धा लावला नाही. म्हणाली, मला याची भीती वाटते, त्या फिटरलाच बोलवा. उद्या फोन करतो म्हणून शब्द दिला.

१६ फेब्रुवारी
फोन केला नाही. सकाळी केला तर त्याची कामाला निघायची घाई, दुपारी जेवण, संध्याकाळी त्यालाही घर आहे. दुसऱ्याचा विचार करावा लागतो.

१९ फेब्रुवारी
दुपारी ३.२० – सगळे जॉइंट आवळले. गॅसचा मेन व्हॉल्व्ह सुरू केला.
३.३० – प्रत्येक जॉइंटला नाक लावून आलो. कसलाही वास नाही. साबण भांड्यांना.
३.४० – शेगडी पेटवणारच होतो, पण म्हटलं, पहिला बर्नर हिच्या हातून पेटावा. शाळेत शिकवते, चारला घरी येते. थांबतो. एवढं मोठं मन आजकाल कुणाचं असतं?
३.५० – सासरेबुवा झोपून उठले. चारची सिगारेट ओढायला पायरीवर येतील. प्रेक्षक झाले दोन.

१९ फेब्रुवारी, संध्याकाळ

ही आली आणि फाटकातच थांबली. मग पर्स तिथेच टाकून धावली. मला वाटलं, हौस. ती मला ओलांडून गेली, पायरीवर वडिलांसमोर उकिडवी बसली आणि अगदी हळू म्हणाली, "बाबा, लायटर द्या."
सिगारेट त्यांच्या ओठात होती. अंगठा लायटरच्या चाकावर. त्यांना ऐकू गेलं नाही. हिने पुन्हा सांगितलं नाही, त्यांची मूठ दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मेन बंद करा. कुठल्याही बटणाला हात लावू नका."
मेन बंद केला. तिघं रस्त्यावर जाऊन उभे राहिलो. इंजिनिअरच्या घरून फोन केला. कंपनीची दोन माणसं यंत्र घेऊन आली. यंत्र अंगणाच्या कोपऱ्यावरच वाजायला लागलं. तिसरा जॉइंट गळत होता. गॅस चरीतून पायरीखालच्या बंद पोकळीत कोंडला होता, सासरेबुवा बसले होते तिथे.
त्यांनी मीटरला सील ठोकलं. एकाने विचारलं, घरात जागं कोण होतं? मी म्हटलं, मी. वास नाही आला? मी म्हटलं, वारा उलट होता.
वारा नव्हता.

२० फेब्रुवारी
 इंजिनिअरने विजेची शेगडी आणून दिली. उपकार न दाखवता दिली, ते जास्त लागलं.
दुपारी सासरेबुवा माझ्या खोलीत आले. कधी येत नाहीत. म्हणाले, "मला ऐकू येत नाही हे मी भेटेल त्याला सांगतो. त्यात काय कमीपणा, जावईबापू?"
मी उत्तर दिलं. त्यांना ऐकू गेलं नाही. दिलं नव्हतंच बहुतेक.

२२ फेब्रुवारी
हिने नाकाच्या डॉक्टरांकडे नेलं. डोळे मिटायला सांगून त्यांनी तीन बाटल्या नाकाखाली धरल्या. मी सांगितलं: लिंबू, कॉफी, साबण. जरा ठासूनच सांगितलं.
तिन्हींत पाणी होतं.
 हिने विचारलं, "कधीपासून?"
म्हटलं, तापापासून. चौदा महिने. चौदा महिने मी ताटावर बसून झकास, झकास म्हणतोय आणि तोंडात काय आहे ते कळत नाही. हे तिला सांगितलं. ती रडली. मला वाटलं होतं, रागावेल.

२५ फेब्रुवारी
मुलगी-जावई आले. ओट्यावर हिने त्यांचे ओले टॉवेल वाळत घातले होते. नकाशा दाखवला नाही.

२४ मार्च
फिटरने लाइन टाकली. चार पानी फॉर्म हिनेच भरला होता. खडक फोडून चर गुडघाभर केली. प्रेशर टेस्ट पास, इन्स्पेक्टरची सही झाली. भिंतीवर गॅस गळला की वाजणारं यंत्र बसवलं.
शेवटी फिटर म्हणाला, घरातल्या जबाबदार माणसाला व्हॉल्व्ह दाखवायचाय. मी पुढे झालो. तो नम्रपणे थांबून राहिला. मग हिला दाखवला, सासरेबुवांनाही दाखवला. तेवढ्यात मी कप मांडले.
हिने पहिला बर्नर पेटवून चहा केला. फिटर म्हणाला, छान झालाय. सासरेबुवा म्हणाले, फक्कड. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी घोट घेतला, तोंडात घोळवला.
म्हटलं, गरम आहे.