विरळ हवेतला निळा चंद्र

३ ऑक्टोबर
बोलणार मी, लिहिणार नातसून. मला अक्षरं येत नाहीत, अक्कल येते. नातू डोंगरांचे फोटो काढतो. कॅलेंडरच्या मुखपृष्ठावर पहिल्यांदाच त्याचा फोटो लागायचाय. छापखानेवाला नऊ तारखेपर्यंत थांबणार, नाहीतर काम दुसऱ्याला. उद्या पहाटेच तिघं वर डोंगरात निघतोय. मला उंची लागत नाही. माहेरचा जिना काय कमी उभा होता?

४ ऑक्टोबर, सकाळ
पोचलो. नातवाचा नियम: फोटो वर काढायचे, निवडायचे खाली उतरून. विरळ हवेत म्हणे डोकं चालत नाही, काहीही थोर वाटतं. म्हटलं, बाळा, तुझं खाली तरी कुठे चालतं?
संकल्प: त्याच्या कामात लक्ष घालायचं नाही.

४ ऑक्टोबर, दुपार
लक्ष घातलं.

५ ऑक्टोबर, सकाळ
डोकं जड. उंचीने नाही, उशीने. हॉटेलच्या मॅनेजरला मी कालपासून जावईबापू म्हणतेय म्हणे. हे लिहू नकोस म्हटलं, तर नेमकं तेच लिहिलं.

५ ऑक्टोबर, संध्याकाळ
कॅमेऱ्याचं कार्ड भरलं. दुसरं घरी टेबलावर राहिलंय. एक फोटो बघून मला रडूच फुटलं. सगळा पांढराशुभ्र बर्फ, त्यावर हलक्या लाटा, वर कोपऱ्यात निळा चंद्र. नातूही रडला. नातसून म्हणाली, खाली जाऊन ठरवा. म्हटलं, जन्मभर धान्य निवडलं, कुणाच्या दाताखाली खडा आला नाही. हा ठेव, बाकीचे पूस, नवीन काढ.
पुसले.

६ ऑक्टोबर
दिवसभर ढग. हात पुढे केला तर बांगड्या दिसत नाहीत. नवीन फोटो कसले काढता! असू दे, आपला चंद्र आहे.

७ ऑक्टोबर, घरी
मोठ्या स्क्रीनवर बघितलं. बर्फ म्हणजे हॉटेलची दोरीवर वाळत घातलेली चादर. चंद्र म्हणजे चिमटा.
नातवाने कॅमेरा पुसून पेटीत ठेवला. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.
चादर धुतली मात्र छान होती.

९ ऑक्टोबर
काम दुसऱ्याला गेलं.

१२ ऑक्टोबर
नातू पुन्हा वर निघालाय, पुढच्या वर्षासाठी. दोन कार्डं घेतलीत. मीही पिशवी भरली. तर माझी पिशवी हळूच खुंटीला अडकवून म्हणाला, आजी, तू खालीच थांब. निवडायला कोणीतरी खाली हवं ना.
बघा, शेवटी माझ्या नजरेवाचून अडतंच.
हसू नकोस गं लिहिताना. अक्षर हलतंय.