यादीत नाव असेल त्याचीच मेल

३ मार्च, सकाळी ९.४०
आजपासून स्पॅमचा कायमचा बंदोबस्त. एकच व्हाइटलिस्ट. ज्याचा पत्ता यादीत, त्याचीच मेल आत. बाकीच्या वेगळ्या पेटीत अडकणार आणि आठ दिवसांनी आपोआप डिलीट. साहेबांनी विचारलं, एखादी कामाची मेल अडकली तर? म्हटलं, सोय केलीय. अडकलेल्याने मला रीतसर अर्ज करायचा. मेलने. तशी नोटीस दारावर लावली. चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी.

५ मार्च
लंबूचा फोन! कॉलेजपासूनचा जिगरी. त्याच्या नव्या कंपनीत सर्व्हर विभागाला प्रमुख हवाय, त्याने माझंच नाव पुढे केलंय. म्हणाला, ऑफिसातून मेल करतो, वीस तारखेच्या आत फक्त 'हो' कळव. चौदा वर्षं या बिनखिडकीच्या खोलीत काढली. सुटलो एकदाचा! बायको म्हणाली, आधी मेल येऊ दे, मग नाच. हिला कशाचं कौतुक म्हणून नाही.

९ मार्च
स्पॅम शून्य. अर्जही शून्य. म्हणजे सगळे खूश. साहेबांना तसा रिपोर्ट दिला.
लंबूची मेल नाही. मोठ्या कंपनीत सतरा सह्या लागतात. येईल.

१२ मार्च
स्टोअरच्या बाई आल्या. म्हणे दोन पुरवठादार मेल पाठवून पाठवून थकले, आता फोनवर तोंडाला येईल ते बोलतायत. म्हटलं, मग अर्ज का करत नाहीत? बाई म्हणाल्या, अर्जही मेलनेच ना? म्हटलं, अर्थात. 'बरं' म्हणाल्या आणि गेल्या. बाईंना टेक्निकल कळत नाही.

१६ मार्च
लंबू गप्प. बायको म्हणते, एक फोन कर. मी का करू? गरज त्याला आहे.

१९ मार्च
कळलं. माणूस फिरला. याच लंबूला मी शेवटच्या वर्षी अख्खा पेपर दाखवला होता. याच्या लग्नात खुर्च्या उचलून माझी कंबर धरली. केसाने गळा कापला पठ्ठ्याने!
निश्चय: पुन्हा त्याचं तोंड बघणार नाही.

२१ मार्च, दुपारी
लंबूचा फोन. त्याला बोलूच दिलं नाही. पेपर काढला, खुर्च्या काढल्या, सगळं काढलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, तीन मेल केल्या रे, एकीचंही उत्तर नाही. काल दुसऱ्याला घेतला. फोन ठेवला.
पेटी उघडली. पहिली मेल आठ दिवस होऊन गेलेली. डिलीट. दुसरीत पगार वगैरे. तिसरीत एवढंच: एवढा का रागावलास? माझं काही चुकलं का?
शेजारी एकशे चाळीस अर्ज पडले होते. ते वाचवेनात.

२२ मार्च
झोप होऊन विचार केला. मूळ चूक लंबूचीच. पत्ता नवा घ्यायचा तर आधी कळवू नये?
त्याला यादीत घेणार होतो. पण मित्र म्हणून सवलत दिली तर लोक काय म्हणतील? अर्ज करू दे.

२३ मार्च, सकाळी ११
तरी राहवेना. लंबूला मेल लिहिली. आयुष्यात पहिल्यांदा माफी मागितली. नोकरी गेली तर जाऊ दे, तू राहा, असं लिहिलं. चार वेळा खोडून पाचव्यांदा पाठवली.

२७ मार्च
उत्तर नाही. बावीस वर्षांची दोस्ती, आणि दोन ओळी लिहवत नाहीत माणसाला.
बायको म्हणाली, पेटी बघितलीस का?
नाही बघितली. तिथेही नसली तर?