दारातलं पायपुसणं

६ ऑगस्ट २०१२
आज नोकरीचा पहिला दिवस! पनवेलच्या एसटी स्टँडजवळची नवी इमारत, वर सगळी कार्यालयं, खाली दारालगत माझं टेबल. स्वच्छता आणि देखभाल माझ्याकडे. दारात काळा गुळगुळीत ग्रॅनाइट, त्यावर काथ्याची लांबरुंद मॅट. इमारतीचे व्यवस्थापक कृष्णकांत सर म्हणाले, ती ठेवायची की काढायची ते तूच ठरव. शाळेत घालण्याआधी बाबांनी मला घरीच शिकवलं. दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय मत द्यायचं नाही, ही त्यांची शिस्त. घाई करणार नाही.

८ ऑगस्ट
मॅटमुळे चिखल दारातच राहतो, पाय घसरत नाही. पण या हवेत ती वाळत नाही, कुबट वास येतो, कडा वर वळतात. आणि भिजली की इतकी जड होते की झाडलोट करणाऱ्या गुणाबाई ती मागच्या नळावर ओढत नेतात तेव्हा बघवत नाही. कोन गावाहून येतात, साठी उलटली असेल. "कंबर गेली गो पोरी माजी. यापरीस नवऱ्याला उचलला आसता, त्यो तरी हलका हाय!" रोज सगळ्यांना ऐकवतात, सगळे हसतात.
ठरवलं. मॅट नको. गुंडाळून ठेवा म्हणून त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली.

११ ऑगस्ट
गुणाबाई गेल्या. सकाळी ओल्या ग्रॅनाइटवर पाय सटकला, डोकं पायरीवर आपटलं.
सरांनी विचारलं, मॅट कुणी काढली? मी बोलायच्या आत कुणीतरी म्हणालं, तिनंच काढली असणार, रोज कुरकुरायची. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी डोलावली नाही. पण बोललेही नाही.

१६ ऑगस्ट
नवी मॅट आली. पाय दिला तर खाली मऊ लागलं. चुकून माणसाला पाय लागावा तसं. नकळत वाकून तिला हात लावला आणि कपाळाला लावला. सरांनी थट्टा केली, देऊळ समजलीस काय म्हणून. नंतर उचलून पाहिली. खाली नुसता दगड.

२१ ऑगस्ट
गुणाबाईंची मुलगी शांती आईचा डबा न्यायला आली. आत आली नाही, पायरीखालीच उभी राहिली. गावात बोलतात म्हणे, कामचुकार होती, कामचुकारपणानंच मेली. आयनं खरंच स्वतःहून मॅट काढली का, एवढंच तिला विचारायचं होतं. सर शेजारीच उभे होते. मी हो म्हटलं.
हो म्हटलं मी.

२३ ऑगस्ट
मॅट मधोमध उंच झाली आहे. कुशीवर निजल्यासारखी. दुसऱ्या कुणाला दिसत नाही. सगळे खसाखसा पाय पुसतात, आणि दर वेळी माझ्या दातांखाली माती कचकचते. मी ओलांडून जाते, तरी—

२५ ऑगस्ट
जेवताना तोंडातून काथ्याचा धागा निघाला. आईला वाटलं, शेंगेची शीर. ओढला. संपेचना—

२७ ऑगस्ट
शांतीला निरोप धाडला आहे. आज सगळ्यांसमोर खरं सांगणार. मॅट मी काढायला लावली. मी.
सकाळपासून आवाज फुटत नाही. हात तेवढा चालतो.
ती रस्त्यापलीकडे दिसतेय. पाय चिखलानं भरलेत.
पायरीवर आली. चप्पल काढली. मॅट हलली — तिच्याकडे वळली — मी पाहिलं.
डाव्या हातानं नको, नको म्हणतेय. तिला वाटतंय, मी आत बोलावतेय. तोंडात नुसता काथ्या—
शांती, पाय पुसू नकोस, खाली तुझी—