चौथ्या पत्र्यापासून दारापर्यंत

सोमवार, ५ फेब्रुवारी १९७३

आज नोकरीचा पहिला दिवस. तिसगावहून पहिल्या एसटीने निघाले. आईने कपाळाला हळदीकुंकू लावलं, दादा आणि वडील खडी फोडायला जाण्याआधी फाट्यापर्यंत सोडायला आले. आमच्या घरात पदवी मिळवलेली मी पहिली. वडिलांनी कंडक्टरला दोनदा सांगितलं, पोरगी नागापूरच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर लागली. कंडक्टरने विचारलं, ते काय असतं? वडील म्हणाले, तेच बघायला चाललीय.

कारखान्यात लोखंडी कपाटं बनतात. रंगवलेली कपाटं वरच्या रुळाला टांगून भट्टीत भाजतात. भट्टी म्हणजे आमच्या दोन खोल्यांएवढी पोलादी खोली. ती परदेशातून आली, आणि तिच्यासोबत तिला चालवणारा कॉम्प्युटरही आला. आख्ख्या जिल्ह्यात असा दुसरा नसावा. व्यवस्थापक आबासाहेब फार अगत्याने बोलले. काम एकच, म्हणाले: पॅनेलवरचा एक दिवा उगाच लागतो आणि कामगार बिचकतात, तो बंद करायचा. २३ तारखेला सरकारी निरीक्षक येणार आहेत. त्याआधी यंत्रात दोष नाही असं माझ्या सहीने लिहून द्यायचं. माझी सही! गेटवर हजेरीच्या रजिस्टरात नाव चढलं तेव्हा ते मी तीनदा वाचलं.

बुधवार, ७ फेब्रुवारी

यंत्र समजू लागलं आहे. भट्टीच्या जमिनीत चार लोखंडी पत्रे आहेत, पहिला दारापाशी, चौथा पार मागे. पत्र्यावर माणूस उभा राहिला की 'कट्' असा आवाज होऊन पत्रा किंचित दबतो आणि पॅनेलवर त्या क्रमांकाचा दिवा लागतो. आत माणूस असेल तर भट्टी पेटू नये म्हणून ही सोय. या दिव्यांच्या ओळीलाच रजिस्टर म्हणतात. भट्टीची खरी, त्या क्षणाची स्थिती तिथे दिसते. ते वाचून भट्टी पेटवायची की नाही हे ठरवणारा छोटा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. तो एका कागदी फितीवर भोकं पाडून ठेवलेला असतो.

मी ड्रायव्हर तपासायला आले आहे हे ऐकून गेटवरचे हजेरीकारकून पुंजाराम म्हणाले, मग टेम्पो कुठं लावलाय? दिवसभर सगळे हसत होते. मीही हसले.

हे पुंजाराम सोमवारीच आख्ख्या आठवड्याची हजेरी भरून टाकतात. मी विचारलं, एखादा आला नाही तर? ते म्हणाले, येतातच की बाई, न येऊन जातील कुठं? आणि न्हाईच आला तर नंतर दुरुस्त करतो.

शनिवार, १० फेब्रुवारी

दोष सापडला. दिव्यात नाही, ड्रायव्हरमध्ये आहे.

तो रजिस्टर वाचतच नाही. सकाळी पाळी सुरू होताना, भट्टी रिकामी असताना, एकदा वाचतो आणि त्याची नक्कल स्वतःजवळ ठेवतो. मग दिवसभर नक्कलच बघतो. कोणी आत गेलं तर दिवा लागतो, पण ड्रायव्हरच्या लेखी भट्टी सकाळसारखीच रिकामी. माझ्या आधी इथे असलेल्या राधाकृष्ण यांनी प्रोग्रामच्या कागदावर समासात लिहून ठेवलं आहे: "साहेबांचा हुकूम. सारखं वाचू नये, काम थांबतं."

पुंजारामांची हजेरी आणि हा ड्रायव्हर, दोघांची कामाची पद्धत एकच.

भट्टी चालवणाऱ्या गोरक्षनाथांना विचारलं, यामुळे कधी काही झालं का? ते हात पुसत बसले. मग म्हणाले, मरियाबाईला इचारा.

सोमवार, १२ फेब्रुवारी

मरियाबाई आवार झाडते. तिचा नवरा यशया भट्टी साफ करायचा. २८ नोव्हेंबरला, मंगळवारी, पावणेअकराच्या सुमारास तो आत असताना भट्टी पेटली. कारखान्याने लिहून दिलं की तो त्या दिवशी कामावर नव्हता, दारू पिऊन आला आणि मागच्या कोपऱ्यात जाऊन झोपला. मरियाबाई म्हणाली, बाई, माझा मानूस दर रविवारी देवळात पेटी वाजवायचा. थेंबाला शिवला न्हाई. आता पोरांना शाळेत दारुड्याची पोरं म्हनत्यात. मला दुसरं काय नको. कागदावरचं तेवढं खोडा.

संध्याकाळी गोरक्षनाथ स्वतःहून आले. त्या दिशी दिवा लागलेला हुता बाई, म्हणाले. म्या बघितला. पन साहेबांनी सांगून ठेवलेलं, दिव्याकडं बघू नका, कपाटांकडं बघा. बटन म्याच दाबलं.

मला कशासाठी नेमलं ते आता कळलं. कारखान्याला हुशार मुलगी नको होती, नवखी हवी होती. शिकले ते या सहीसाठी?

मंगळवार, १३ फेब्रुवारी

आज तो दिवा पाहिला. दहा चाळीसला चौथ्या पत्र्याचा दिवा लागला. भट्टी थंड, दार उघडं, आत कोणी नाही. मी स्वतः आत जाऊन आले. पत्रा उचलून खालची धूळ झाडली, तारा तपासल्या. सगळं ठीक.

राधाकृष्णांची नक्कल छापून पाहिली: शून्य. खरं रजिस्टर छापलं: एक.

बुधवार, १४ फेब्रुवारी

दहा पस्तीसला भट्टीकडून येणारी केबलच काढली. प्लग माझ्या हातात होता. दहा चाळीसला दिवा लागला.

मी प्लगकडे पाहत राहिले. तांब्याची टोकं उघडी, कशालाही जोडलेली नाहीत.

मी पदार्थविज्ञान शिकले आहे. मी घाबरणार नाही. मी फक्त नोंद करणार आहे.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

दोन दिवस टेलिप्रिंटरला खरं रजिस्टर दर पाच सेकंदांनी छापायला लावलं. दोन्ही दिवशी अगदी तेच उतरलं.

१०.४० चौथा पत्रा. मग तिसरा. मग दुसरा. मग पहिला. पहिला, पहिला, पहिला. सलग नऊ मिनिटं पहिला. मग काही नाही.

तो झोपला नव्हता. भट्टी पेटताच उठून दारापर्यंत चालत आला आणि नऊ मिनिटं दारापाशी उभा होता.

दाराला आतून कडी नाही. दोन स्क्रूची भोकं आहेत. गोरक्षनाथ म्हणाले, कडी गोदामाच्या दाराला लागत होती म्हणून काढून नेली. भोकांच्या भोवती, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, रंग खरवडलेला आहे. त्यावर नवा रंग मारला आहे. आमच्याच कपाटांचा, राखाडी.

रागाने लिहिताना निब मोडलं. हे पेन्सिलीने लिहिते आहे.

सोमवार, १९ फेब्रुवारी

सकाळी पुंजारामांना सांगितलं, शुक्रवारी रजा हवी, निरीक्षकासमोर खोटी सही करायला मी इथे थांबणार नाही. त्यांनी लगेच शुक्रवारच्या खान्यात गैरहजर लिहिलं.

मग त्यांच्याकडून नोव्हेंबर-डिसेंबरचं रजिस्टर मागून घेतलं. २८ तारीख, यशया: हजर. २९, ३० आणि पुढे शनिवारपर्यंत: हजर. तेही सोमवारीच भरलेलं. नंतर दुरुस्त करतो म्हणणाऱ्याने दुरुस्त केलंच नव्हतं.

ते आबासाहेबांच्या टेबलावर ठेवलं. ते शांतपणे म्हणाले, पुंजारामचं रजिस्टर म्हणजे नक्कल. मेल्यावरही माणूस हजर दाखवतं. त्यावर कोण विश्वास ठेवील? मी म्हणाले, मग भट्टीही नक्कल बघूनच पेटवली, तिच्यावर तुम्ही कसा ठेवला? ते हसले. म्हणाले, मुली, तू खेड्यातून आलीस, एवढ्यात दमू नकोस. टेलिप्रिंटरचे कागद त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं.

गेटवर परत गेले. रजा नको, शुक्रवारी मी येणार. पुंजाराम म्हणाले, बरं बरं, नंतर दुरुस्त करतो.

बुधवार, २१ फेब्रुवारी

नवा ड्रायव्हर लिहिला. नक्कल काढून टाकली. दर वेळी खरं रजिस्टर वाचतो. आत कोणी असेल तर बटण कितीही दाबा, भट्टी पेटत नाही. पिवळी फीत संपली होती, म्हणून गुलाबी फितीवर भोकं पाडली.

दहा चाळीसला आत जाऊन पहिल्या पत्र्यावर हात ठेवला. भट्टी शनिवारपासून बंद आहे. पत्रा कोमट होता. माझ्या हाताखाली तो दबला —

गुरुवार, २२ फेब्रुवारी

गुलाबी फीत चढवली. गोरक्षनाथांना सगळं समजावलं. उद्या मी आत उभी राहीन, ते दार लावतील. निरीक्षकासमोर बटण दाबतील. भट्टी पेटणार नाही. मग भट्टी रिकामी असताना जुनी पिवळी फीत चढवतील आणि माणसाच्या वजनाचं एक पोतं चौथ्या पत्र्यावर टाकून बटण दाबतील. पेटेल. एवढं पाहून कोणालाही कळेल.

गोरक्षनाथ म्हणाले, बाई, मी उभा ऱ्हातो आत. मी म्हणाले, बटण तुमच्याच हाताने दाबा. एकदा तरी ते थांबलेलं बघा.

ते रडले. मी नाही. मला फक्त राग येतो आहे.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

१०.२०. भट्टीत आहे. गोरक्षनाथांनी बाहेरून दार लावलं. दारातल्या काचेतून उजेड येतो, लिहिता येतं. निरीक्षक आले, ऑफिसात चहा चालू आहे.

१०.२५. आबासाहेबांच्या शिपायाने गोरक्षनाथांना गोदामाकडे बोलावून नेलं. ते काचेकडे पाहून हात करून गेले. लगेच येतो असं.

१०.३१. पॅनेलपाशी दुसराच माणूस. ओळखीचा नाही. मी काच वाजवली. कंप्रेसर चालू आहे, त्याला ऐकू जात नाही. मागे आबासाहेब, निरीक्षक. आबासाहेबांच्या हातात हजेरीचं रजिस्टर. माझ्या नावावर बोट ठेवून दाखवत आहेत. ओठ वाचता आले. आज आलेलीच नाही.

पुंजारामांनी दुरुस्त केलं नाही —

१०.३५. पॅनेलवर चारही दिव्यांवर काळी चिकटपट्टी. दिवा बंद करून झाला.

१०.३७. फीत दिसली. पिवळी आहे. माझी नाही. पिवळी — रात्रीतच बदलली असणार.

सकाळची नक्कल. सकाळी भट्टी रिकामी होती.

हाताने मारते आहे दारावर. भोकांत बोटं — रंग निघतो. खाली जुने ओरखडे. माझे त्यांच्यावरच पडतात —

पंखा सुरू झाला.

हे सापडेल त्याने लिहावं: यशया कामावर होता. शुद्धीत होता. मी हजर आहे. २३ फेब्रुवारी, हजर. तिसगावला —

१०.४०. मागे कट्.

वळून पाहिलं. कोणी नाही. गरम वारा.

तिसरा. कट्.

मी पहिल्यावर उभी आहे. दुसरा —

भीती नाही वाटत त्याची. बाहेर चहा पिणाऱ्यांची — वही शेवटी दाराच्या फटीतून बाहेर सरकवीन, फट पुरेल —

मी बाजूला सरकले. दारापाशी दोघांना जागा आहे. यशयाभाऊ, या. दोघांनी मिळून मार —